अणूला परमाणू म्हणणाऱ्या गावात

‘अणू म्हणजे काय?’ या प्रश्नाने जळगावच्या मुलाला घाम फुटत नाही. मूलद्रव्याचा लहानात लहान कण म्हणजे अणू. अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू. लिंबायतमधल्या मुलाला मात्र आधी विचारावं लागतं, की कोणत्या भाषेतला अणू? कारण गुजराती पुस्तकातला अणू म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू तिथे परमाणू होतो. शेजारचा मुलगा हिंदी माध्यमाचा असेल तर गुंता आणखी वाढतो. मराठी पुस्तक सांगतं, आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदी पुस्तक सांगतं, अम्ल आणि क्षार मिळून लवण आणि पाणी तयार होतं. म्हणजे एकाच अभिक्रियेत ‘क्षार’ हा शब्द एका भाषेत बाणाच्या डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे. एकाच बाकावर बसून ही दोन मुलं एकमेकांना शिकवायला लागली, तर दोघंही बरोबर असून दोघांचाही गोंधळ उडेल.

लिंबायत हा सुरतच्या आग्नेय बाजूचा भाग. एका बाजूला उधना, पलीकडे डिंडोली आणि गोडादरा, मधून वाहणारी आणि पावसाळ्यात घराघरांत शिरणारी मिठी खाडी. इथे धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसं इतकी आहेत, की भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस चालते आणि श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसते. २०१२पासून या मतदारसंघाने संगीता पाटील यांना आमदार म्हणून निवडलं आहे, आडनावावरूनच वस्तीचा अंदाज यावा. ही माणसं आली तापीच्या काठाकाठाने टाकलेल्या रेल्वेने. ताप्ती व्हॅली रेल्वेचे रूळ १९०० साली सुरतेकडून अमळनेरपर्यंत पोहोचले. कापूस, माल आणि माणसं नेण्यासाठी टाकलेल्या या रुळांवरून पुढे खानदेशातल्या कोरडवाहू गावांची तरुण पोरं सुरतेच्या लूम्सकडे आली.

सुरतेत दोन शब्द नीट कळले पाहिजेत. ‘खातं’ म्हणजे लूम्सचा कारखाना, जिथे कापड विणलं जातं. ‘मिल’ म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याची जागा. मुंबईकराच्या मनात ‘मिल’ म्हटलं की गिरणगाव उभं राहतं. लिंबायतमध्ये ‘पप्पा मिलमध्ये आहेत’ म्हणजे ते पांडेसरा, सचिन, पलसाणा किंवा कडोदऱ्याकडच्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये आहेत. शहरात आणि आसपास अशा मिल तीनशेहून अधिक. तिथे दिवसरात्र जे चालतं ती केमिस्ट्रीच असते, फक्त तिथे कोणी तिला केमिस्ट्री म्हणत नाही.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. नाव नको, कारण ती कोणी एक नाही. वडील मिलमध्ये कापड रंगवण्याच्या जेट मशीनवर, आई घरी साड्यांना टिकल्या लावते किंवा धागा कटिंग करते. सातवी-आठवीपर्यंत महापालिकेची मराठी शाळा. सुरतच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांत चालतात, गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू.  पुढे माध्यम बदललं, बारावी सायन्स झालं, मेडिकल हुकलं, आणि ती बीएस्सी केमिस्ट्रीला आली. केमिस्ट्रीच्या वर्गात बसलेल्यांपैकी किती जण ‘नीट’मधून घसरून तिथे पोहोचलेले असतात, याची मोजदाद कोणी करत नाही; वर्गातल्या प्राध्यापकांना मात्र ते पहिल्याच आठवड्यात कळतं. तिला पडणारे प्रश्न फारसे बदलत नाहीत. फिजिकल केमिस्ट्री कशाला? एमएस्सीला ऑरगॅनिक घेऊ की ॲनालिटिकल? बीएड करू की नेट? नोकरी मिळेल का? आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारलेला प्रश्न, माझं इंग्रजी चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घरातच आहे. वडील रात्रपाळीहून येतात तेव्हा त्यांच्या शर्टाला येणारा गंधकासारखा वास ‘हायड्रो’चा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा. सुरतेत रंगतं ते मुख्यतः पॉलिस्टर. हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधला, आणि तो रंगवणं सुरुवातीला डोकेदुखी ठरली, कारण त्याला पाणी आवडत नाही आणि रंगाचा रेणू पकडून ठेवायला त्याच्यावर हातच नाहीत. तोडगा निघाला डिस्पर्स रंगांचा. हे रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात तरंगतात. जेटमध्ये ग्रे (न रंगवलेलं) कापड, पाणी, रंग आणि थोडं ॲसिटिक टाकून पीएच साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान ठेवतात, आणि तापमान मिनिटाला दीड-दोन अंशांनी चढवत १३० अंशांपर्यंत नेतात. पाणी शंभराला उकळायला हवं, म्हणून यंत्र दाबबंद. तापमान ऐंशीच्या पुढे गेलं की पॉलिस्टरच्या साखळ्या सैल होऊन हलू लागतात, रंगाचा रेणू आत शिरतो, आणि कापड थंड झालं की आतच अडकतो. बंध वगैरे काही नाही. रंग कापडात विरघळलेला असतो, साखर चहात विरघळावी तसा, फक्त हा चहा घट्ट आहे.

आता बीएस्सीच्या प्रयोगशाळेत येऊ. पाणी आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांच्यात आयोडीन वाटून जाण्याचा प्रयोग तिने केला असेल किंवा निदान जर्नलमध्ये उतरवला असेल. नर्न्स्टचा वितरण नियम. जेटमध्ये रंग पाणी आणि धागा यांच्यात ज्या नियमाने वाटून जातो, तो हाच. तापमान हळू चढवायचं का? वेगाने चढवलं तर रंग काही जागी आधी घुसतो आणि कापडावर पट्टे येतात. ही विसरणाच्या वेगाची गोष्ट, अऱ्हेनियसच्या समीकरणाने मांडता येणारी. ॲसिटिक नेमकं किती? बफरचं प्रकरण. लॅबमध्ये शेड मॅच करणारा संगणक कशाच्या आधारे सांगतो, की पिवळा अमुक ग्रॅम आणि निळा तमुक? द्रावणासाठी बिअर-लॅम्बर्ट, आणि कापडासारख्या अपारदर्शक गोष्टीसाठी कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ साली रंगाच्या थरांवर काढलेलं समीकरण. फिजिकल केमिस्ट्रीला घाबरून गाइड तोंडपाठ करणाऱ्या मुलीचे वडील रोज रात्री तिचाच अभ्यासक्रम पाठीवर वाहत असतात. त्यांना समीकरण माहीत नाही, तिला जेट माहीत नाही. हे दोघं एकाच खोलीत राहतात.

वडिलांचं ज्ञान कमी प्रतीचं आहे, असं कोणी समजू नये. जुना डाइंग मास्टर ओल्या कापडाचा तुकडा उजेडाकडे धरून सांगतो, की शेड दोन टक्के लाल मारते आहे. हे बोलणं उगाच नसतं, लॉट सुटतो तेव्हा खरं ठरतं. पण या मास्टरला नवा धागा, नवा रंग किंवा नवा कायदा समोर आला की अडचण होते, कारण अनुभव कालच्या रंगाचा असतो. तिथे केमिस्ट्री शिकलेलं माणूस लागतं. लिंबायतच्या मुलीला या दोन्ही बाजू घरबसल्या मिळू शकतात. पुण्या-मुंबईच्या मुलीला मिळत नाहीत, आणि याचा हेवा तिने करावा अशी ही गोष्ट आहे.

कारागिराचा अनुभव आणि केमिस्ट्री एकत्र आणावी, हे फार आधी सुचलेला एक माणूस सुरतेचाच होता. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, जन्म सुरत, १८६३. बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला गेलेला हा तरुण प्राध्यापक सयाजीराव गायकवाडांच्या मागे लागला, की कारागिरांना आधुनिक रंगकाम शिकवलं पाहिजे, आणि तेही त्यांच्या भाषेत. १८९० साली बडोद्यात कलाभवन उघडलं. रंगविद्या हा तिथला महत्त्वाचा विषय होता. गज्जरांनी ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिकही काढलं. त्या काळाचं भान ठेवलं म्हणजे या धडपडीचा अर्थ कळतो. पर्किनने १८५६ साली कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला होता, जर्मन कारखान्यांचे कृत्रिम रंग भारतीय बाजारात ओतले जात होते, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ आल्यावर बिहारच्या निळीच्या शेतीची शंभरी भरायला सुरुवात झाली. आपल्या रंगाऱ्यांपुढे रंगाचा डबा होता, पण डब्यावरची जर्मन आणि इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नव्हती. 

गज्जरांची सर्वांत गाजलेली करामत मात्र वेगळीच. १८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. हे काम आपलं, असं दामोदर चापेकरांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहिलं. डाग काढायला सरकारने तज्ज्ञ लावले, पण डाग संगमरवरात मुरला होता आणि तो निघाला नाही. शेवटी तो काढला गज्जरांनी. पुण्याच्या क्रांतिकारकाने लावलेला डाग सुरतच्या केमिस्टने पुसला, यावर कोणाला राग यावा की अभिमान वाटावा, ते ज्याचं त्याने ठरवावं. केमिस्ट्रीच्या दृष्टीने गंमत अशी, की डांबर फासणाऱ्यानेही अजाणता अस्सल सेंद्रिय रसायनच वापरलं होतं. पर्किनचे रंग त्याच डांबरातून आले होते.

गज्जरांचं स्वप्न मुंबईत वेगळ्या रूपात पुढे गेलं. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, आजची आयसीटी. सुरुवातीच्या दोन विषयांपैकी एक होता टेक्स्टाइल केमिस्ट्री, कारण मुंबईला गिरण्यांसाठी माणसं हवी होती. कृष्णस्वामी वेंकटरामन तिथे आले, विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर १९५२ साली काढलेला ग्रंथ पुढे जगभर वापरला गेला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही ते पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्यानंतर ती खुर्ची आली बाळ दत्तात्रेय टिळकांकडे. विदर्भातल्या कारंज्याचा हा माणूस, विषय पुन्हा रंगच. रासायनिक तंत्रज्ञानाच्या त्याच विभागात गोव्याच्या माशेलचे रघुनाथ माशेलकर शिकले, मुंबईच्या महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेले. ‘माझं इंग्रजी चालेल का’ या प्रश्नावर याहून वेगळं उत्तर देण्याचं कारण नाही.

तरीही भाषेचा प्रश्न इतक्यात मिटत नाही, कारण तो आत्मविश्वासाचा कमी आणि नियमांचा जास्त आहे. गुजरातची इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीची गुजसेट परीक्षा गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होते, मराठीत नाही. जेईई मेन आणि नीटचे पेपर मराठीत निघतात, पण मराठी पेपर मिळतो महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. म्हणजे लिंबायतच्या मुलीला मराठीत पेपर हवा असेल, तर ताप्ती लाइनची गाडी पकडून नवापूर ओलांडायचं. नवापूर स्टेशनच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. फलाटावरच्या एका बाकाचं एक टोक गुजरातेत आणि दुसरं महाराष्ट्रात. रेल्वेने ते बाक हलवलं नाही. परीक्षा मंडळांनी मात्र सीमा काटेकोर पाळली आहे.

म्हणून व्यावहारिक सल्ला असा, की अकरावीपासूनच संज्ञा तीन रकान्यांत लिहायच्या, मराठी, गुजराती, इंग्रजी. संयुग, संयोजन, कंपाउंड. मूलद्रव्य, तत्त्व, एलिमेंट. दोनशे शब्दांची वही भरली की अर्धी भीती जाते. पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा इंग्रजीतच असते, तेव्हा इंग्रजी टाळून चालत नाही. पण केमिस्ट्रीचं इंग्रजी हे शेक्सपिअरचं इंग्रजी नव्हे. त्यात क्रियापदं वीस-पंचवीस असतात आणि तीच पुन्हा पुन्हा येतात.

याच सीमेची दुसरी बाजू आरक्षणाची, आणि ती बऱ्याच घरांना फार उशिरा कळते. अनुसूचित जाती-जमातीचा मूळ राज्यातला दाखला स्थलांतरित राज्याच्या सवलतींसाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केलं. उलट बाजूने, गुजरातेत शिकलेला मुलगा महाराष्ट्रातल्या प्रवेशांत राज्याबाहेरचा ठरू शकतो. बोलीने खानदेशी, कागदाने कुठलाच नाही, अशी ही अवस्था. केंद्रीय परीक्षा आणि संस्थांमध्ये, म्हणजे जॅम, नेट, आयसर, एनआयटी इथे, ही अडचण बरीच सौम्य होते. लिंबायतच्या मुलांनी केंद्रीय संस्थांकडे आधी बघावं, याला प्रतिष्ठेपेक्षा हे कारण मोठं आहे. त्यातली एक संस्था तर शहरातच आहे. १९६१ साली सुरू झालेल्या एसव्हीएनआयटीत केमिस्ट्रीचा पाच वर्षांचा एकत्रित एमएस्सी अभ्यासक्रम जेईई मेनमधून मिळतो, आणि लिंबायतमधल्या किती बारावीच्या वर्गांत ही गोष्ट कोणी फळ्यावर लिहिली असेल, शंका आहे. बारावीत बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची. हीदेखील मागितल्याशिवाय दारात येत नाही.

कॉलेजच्या शिक्षणातली खरी दुखरी जागा मात्र प्रॅक्टिकल. जर्नलमध्ये रीडिंग आधी आणि टायट्रेशन नंतर, हा प्रकार सुरत, जळगाव, पुणे सगळीकडे चालतो. तीन रीडिंग १०.२, १०.२, १०.२ अशी एका रांगेत दिसली की परीक्षकाला कळतं आणि विद्यार्थ्यालाही कळतं, की परीक्षकाला कळलं आहे. मग दोघंही गप्प. यात तोटा कुणाचा, ते पहिल्या मुलाखतीत दिसतं. फार्मा कंपनीच्या क्यूसीमध्ये पहिला प्रश्न अनेकदा इतका साधा असतो, की ब्युरेट आधी कशाने धुवाल? ज्याने हाताने केलं नाही, तो तिथे अडकतो.

सॉल्ट ॲनालिसिसचं उदाहरण घ्या. दुसऱ्या गटाच्या मूलकांसाठी हायड्रोजन सल्फाइडचा वायू सोडायचा. किपच्या उपकरणातला तो कुजक्या अंड्यांचा वास जुन्या विद्यार्थ्यांना जन्मभर आठवतो. आता अनेक ठिकाणी हा प्रयोग बंद झाला, आणि विषारी वायू असल्यामुळे ते योग्यही आहे. पण वायू का निघतो, हे तरी पक्कं डोक्यात बसायला हवं. सल्फाइडयुक्त पाणी आम्लाच्या संपर्कात आलं की तो सुटतो, आणि जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर करतो. वास येईनासा होतो, म्हणून माणूस गाफील राहतो. ६ जानेवारी २०२२च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधला रासायनिक कचरा नाल्यात सोडला गेला, विषारी वायू पसरला, आणि शेजारच्या मिलमधल्या सहा कामगारांचा जीव गेला. आणखी वीसहून अधिक जणांना इस्पितळात न्यावं लागलं. कारखान्यात एखादी गोष्ट नाल्यात टाकायची की नाही, हे ठरवणाऱ्या साखळीत एकाने तरी मान हलवून ‘नको’ म्हणायला हवं होतं. अभ्यासक्रमात सुरक्षेला दोन गुणांची टीप मिळते.

एमएस्सीचा प्रश्न सुरतेत जवळजवळ ठरल्यासारखाच असतो, ऑरगॅनिक. वापी, अंकलेश्वर, दहेज, अतुल या पट्ट्यातल्या फार्मा आणि रंगांच्या कारखान्यांमुळे ऑरगॅनिकला भाव आहे. वलसाडजवळचा अतुलचा कारखाना कस्तुरभाई लालभाईंनी उभारला, १९५२ साली नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं, आणि तिथून या सगळ्या पट्ट्याला रसायनांची सवय लागली. सुरतेत राहून वापीला किंवा अंकलेश्वरला ‘अप-डाउन’ करणारे केमिस्ट पहाटेच्या गाडीत ओळखू येतात: पाठीवर सॅक, हातात डबा, उभ्या उभ्या डुलकी.

तरीही ॲनालिटिकलकडे दुर्लक्ष करणं चूक आहे. जर्मनीने १९९४ साली काही ॲझो रंगांवर बंदी घातली, कारण ते तुटून कर्करोगकारक अमाइन सोडतात. भारतानेही १९९७ साली अशा रंगांवर बंदी आणली. बीएस्सीची मुलगी बर्फात डायॲझोटायझेशन करून बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओतते आणि झटकन उमटलेल्या नारिंगी-लाल रंगाने हरखून जाते, त्याच कुळातले हे रंग. बंदी आल्यावर प्रत्येक निर्यातदाराला कापडाचा तपास करून घेणं भाग पडलं, आणि क्रोमॅटोग्राफी जाणणाऱ्यांना काम मिळालं. बाजारात एखादा कायदा आला की व्यापारी कपाळाला हात लावतो आणि ॲनालिटिकल केमिस्टला नोकरी मिळते, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे.

पाण्याचंही तसंच. मिलला पाणी अफाट लागतं आणि रंगीत होऊन बाहेर पडतं. सुरत महापालिकेने २०१४पासून बमरोलीच्या प्रकल्पात शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून रोज चार कोटी लिटर पाणी पांडेसराच्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली. गटाराचं पाणी विकून महसूल मिळवणारी ही महापालिका देशभर दाखल्याला दिली जाते. अशा ठिकाणी सीओडी, बीओडी, टीडीएस हे पाण्याच्या शुद्धतेचे आकडे रोज मोजावे लागतात. या नोकऱ्यांत झगमगाट नाही. आईला सांगताना ‘गटाराच्या पाण्याचं टेस्टिंग करते’ म्हणावं लागतं. पण त्या टिकतात.

उरला शिकवण्याचा मार्ग, आणि मराठी घरांत ‘टीचर’ या शब्दाला अजून वजन आहे. इथे आधी कोणत्या पायरीवर शिकवायचं ते ठरवावं, कारण दारं वेगवेगळी आहेत. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पहिली ते पाचवीसाठी बीएड चालणार नाही. तिथे डीएलएड हवं. माध्यमिक आणि उच्च माध्यमिकला बीएड आणि गुजरातची टॅट परीक्षा. ती उत्तीर्ण होऊनही सरकारी नोकरीची खात्री नाही. २०२३ साली राज्याने ज्ञान सहायक योजना आणली, अकरा महिन्यांच्या करारावर शिक्षक नेमण्याची, आणि टेट-टॅट झालेले उमेदवार रस्त्यावर उतरले. विज्ञानाचा शिक्षक कराराने नेमून त्याच्याकडून प्रयोगशाळा उभी करण्याची अपेक्षा ठेवणं हा शुद्ध भाबडेपणा आहे. पहिल्या सत्रात तो कपाटाची किल्ली शोधतो आणि दुसऱ्या सत्रात त्याचा करार संपतो. बारावीनंतर लगेच शिक्षक व्हायचं पक्कं असेल, तर भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेत चार वर्षांत बीएस्सी आणि बीएड एकत्र होतं. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही तिच्याच क्षेत्रात येतात, त्यामुळे नवापूरचं बाक तिथे आड येत नाही.

कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा राज्याची सेट. गुजरातची सेट गुजरातपुरती, महाराष्ट्राची महाराष्ट्रापुरती, नेट सगळीकडे. पीएचडी हवीच, असा नियम येतो-येतो म्हणत होता, पण जुलै २०२३मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सहायक प्राध्यापकासाठी ती ऐच्छिक केली. तरी सीएसआयआरच्या नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पीएचडीचा विचार जरूर करावा. १ जानेवारी २०२३पासून ही फेलोशिप महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी ४२ हजार. घरात कमावणारा एकच असेल तेव्हा ‘अजून शिकते’ हे वाक्य या आकड्यासकट बोलावं. मग ते ऐकलं जातं.

मुलीने शिकत राहण्याला घरातून विरोध झाला, तर सांगण्यासारखी गोष्ट जुनी आहे, पण ती अपुरीच सांगितली जाते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. वडील आणि काका दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटचे केमिस्ट. १९३३ साली पदवीत पहिली आलेली ही मुलगी त्याच संस्थेत अर्ज करते आणि चंद्रशेखर वेंकट रामन तिला बाई म्हणून नकार देतात. ती हटत नाही. शेवटी वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळतो. पुढे केंब्रिजची पीएचडी, १९३९. वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी असतं, हे तिथलंच काम. इथवर सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं, की ती परत आली, नीरेसारख्या गरिबांच्या पेयातल्या पोषणावर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतलं, आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची संचालक झाली. केंब्रिजहून परतलेल्या बाईने ताडाच्या झाडाकडे पाहिलं. लिंबायतच्या मुलीला तर त्याहून जवळ, वडिलांच्या शर्टाकडे पाहायचं आहे.

खानदेशाकडे तोंड करूनही एक वाट आहे. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं, २०१८पासून बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जातं, आणि त्याच्या आवारात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्थाही आहे. आजी-आजोबांच्या गावाजवळ राहून शिकता येतं. सुरतेचं वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ तर घराजवळच. कुठलं चांगलं, यावर वाद घालण्यात वर्ष घालवू नये. ज्या विभागात उपकरणं कुलपात नसून टेबलावर आहेत, तो विभाग चांगला. प्रवेशाआधी एकदा जाऊन, जिना चढून, डोळ्यांनी बघून यावं.

सुरतच्या एखाद्या मिलमध्ये लॅब सांभाळणारे किंवा डाइंग मास्टर म्हणून काम करणारे मराठी वाचक हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मिल पुन्हा सुरू होतील आणि पहिले लॉट लागतील, तेव्हा लिंबायत-डिंडोलीतल्या बीएस्सीच्या दोन-चार मुलामुलींना मालकाची परवानगी काढून एक दिवस लॅबमध्ये उभं करा. लॅब डिप, म्हणजे रंगाचा नमुना, कसा काढतात ते दाखवा, पीएच पेपर त्यांच्या हातात द्या, आणि जेटचं तापमान १३०वर गेलं की त्यांना विचारा, पाणी उकळत का नाही.